सोनटक्केकाका आणि निळा टब

सर्व संबंधितांना, असंबंधितांना आणि ज्यांना कशाशीच संबंध ठेवायचा नसतो अशा समस्त सज्जनांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येत आहे की, कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरी राहणारे आमचे शेजारी डॉक्टर प्रभाकर सोनटक्के यांचा घोर विश्वासघात झालेला आहे. विश्वासघात करणारा इसम सहा फुटांहून उंच असून डोक्यावर हॅट घालतो. गुन्ह्याचा पुरावा निळ्या रंगाचा, गोल आणि चवीला गोडसर आहे, आणि गायी तो दिवसभर चाटत असतात. वाचकांनी दोन मिनिटं शांत उभं राहावं, अशी विनंती आहे.

झालं? आता बसा. प्रकरण लांब आहे.

सोनटक्केकाकांना सगळे डॉक्टर म्हणतात, पण ते माणसांचे डॉक्टर नाहीत, आणि खरं तर गुरांचेही नाहीत. ते गुरांच्या जेवणाचे डॉक्टर आहेत. कुरणात चरणाऱ्या गायींना गवतातून काय मिळत नाही ते शोधून काढायचं आणि नेमकं तेवढंच वरून घालायचं, ही त्यांची आयुष्यभराची विद्या. परभणीहून ती शिकायला इथं आले आणि इथलेच झाले. इथल्या गायी दुधाच्या नव्हेत, मांसाच्या. त्यामुळे इथल्या मराठी मंडळात नवीन आलेला माणूस हमखास त्यांना बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारतो, "काका, म्हणजे... बीफ?"

"मी जेवायला घालतो," काका म्हणतात. "मी जेवत नाही."

वासरं विकायला ट्रकमध्ये चढवतात त्या दिवशी मात्र काकांना दरवर्षी न चुकता ताप येतो.

तर या विद्येची अडचण अशी, की ती कुरणाच्या तारेपाशी थांबत नाही. काळ्या गायीच्या अंगात तांबं कमी पडलं की तिचे केस तांबूस दिसायला लागतात. हे शास्त्र आहे. आता गेल्या गणपतीत आमच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी केसांना नवाच तांबूस रंग लावला होता. सगळ्या बायका "किती छान, किती छान" करत होत्या आणि मनातून जळत होत्या. आरती संपली. काका कपाळाला गंध लावून बाईंच्या मागं गेले, वाकून बघितलं, आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आपुलकीच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, तांबं कमी पडतंय."

बाई थिजल्या.

"घाबरू नका. खनिज मिश्रण सुरू केलं की दोन-तीन महिन्यांत काळ्याभोर होतात."

तेव्हापासून अध्यक्षीणबाई काकांच्या हातावर प्रसाद ठेवत नाहीत, टाकतात.

दुसरं म्हणजे मार्क देणं. गायीच्या अंगावर किती मांस आहे ते एक ते नऊ अशा अंकात सांगायची पद्धत आहे. एक म्हणजे सापळा, नऊ म्हणजे चालता सोफा. पाच सगळ्यात उत्तम. बरगड्या बघायच्या, शेपटीचं मूळ बघायचं आणि अंक सांगायचा. काका तो आल्यागेल्या सगळ्यांना सांगतात. देशमुखांच्या मुलाच्या लग्नात स्टेजवर आशीर्वाद द्यायला चढले, नवऱ्या मुलाला पुढून बघितलं, जरा बाजूनं बघितलं, पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "साडेचार."

मुलगा इथंच जन्मलेला. खूश होऊन म्हणाला, "आउट ऑफ फाइव्ह, राइट?"

"नाइन," काका म्हणाले. "हिवाळ्याआधी पाचवर ये."

माझी बायको मेधा पाच आहे. हे ती मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवते. मी सहा आहे आणि काकांच्या मते सातकडे निघालोय. एकाच घरात एका माणसाला पाच आणि दुसऱ्याला सहा मिळाल्यावर संसारात काय वातावरण राहतं, ते ज्याचं त्याला माहीत.

पण काकांचं खरं ब्रह्मवाक्य वेगळंच आहे: "पोट भरलंय, पण जंतू उपाशी आहेत."

याचा अर्थ सांगतो. हिवाळ्यात इथलं कुरण वाळून सोनेरी होतं. बघायला सुंदर, गवत गुडघाभर, गायी दिवसभर खात असतात. पण त्या वाळल्या गवतात प्रथिन जवळजवळ नसतं. आणि गंमत अशी, की गवत गाय पचवतच नाही. ते पचवतात तिच्या पोटातले लाखो-करोडो सूक्ष्म जंतू. त्यांना प्रथिन मिळालं नाही तर ते मलूल होतात, गवत तसंच पडून राहतं, आणि भरल्या पोटी गाय वाळत जाते. म्हणून थोडीशी सरकीची पेंड घालायची. ती गायीसाठी नव्हे, जंतूंसाठी. जंतू जेवले की ते गायीला जेवायला घालतात.

हे एकदा समजलं की काकांना जगात सगळीकडे उपाशी जंतू दिसतात. मंडळात तीन तासांचा सांस्कृतिक कार्यक्रम झाला, बाहेर पडताना काका: "पोट भरलं, जंतू उपाशी." मी विमानाच्या कारखान्यात नोकरी करतो, मला मोठी बढती मिळाली, पेढे घेऊन गेलो. काकांनी पेढा तोंडात टाकला, माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "काम आवडतंय का रे? की जंतू उपाशी आहेत?" मी त्या रात्री झोपलो नाही. पेढ्याचे मार्क सांगितले नाहीत ते वेगळंच.

अशा माणसाशी चाळीसहून जास्त वर्षं संसार करणाऱ्या निर्मलाकाकूंबद्दल मला आदर आहे. कुरणात खनिजं ठेवतात त्यात मीठ मुद्दाम मिसळतात. गायीला मीठ आवडतं म्हणून ती येते, आणि मीठ फार झालं की तोंड फिरवते, म्हणून जास्त खात नाही. एकदा काकूंच्या हातून आमटी खारट झाली. काकांनी भुरका मारला, मान डोलावली आणि मनापासून दाद दिली: "वा! खाणं आटोक्यात ठेवायला अगदी योग्य प्रमाण." काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. काकांना वाटलं, कौतुकानं संकोचल्या.

आता त्या विश्वासघातकी इसमाकडे येऊ. त्याचं नाव रॉय. काकूंना पहिली दोन वर्षं वाटत होतं की कोणी बंगाली गृहस्थ असावेत. तो निघाला इथला पिढीजात गुरंवाला, विचिटाच्या पूर्वेला तासाभराच्या अंतरावर टेकड्यांमध्ये त्याचं कुरण, बायको वारल्यापासून तो तिथं एकटाच. काका पेंडीच्या गिरणीत नोकरीला असताना तो एका हिवाळ्यात वाळलेल्या गायींची तक्रार घेऊन आला होता. काकांनी त्याला जंतूंची कथा सांगितली. त्यानं मुकाट्यानं ऐकली, आणि पुढच्या हिवाळ्यात परत येऊन काकांशी हस्तांदोलन केलं. बस्, तेवढ्यावर मैत्री. काका निवृत्त झाले, बाकी सगळे गुरंवाले सुटले, रॉय राहिला. दर शनिवारी भल्या पहाटे काका थर्मासभर चहा आणि काकूंच्या हातचे धपाटे घेऊन निघायचे आणि दुपारी दोनला हसत घरी यायचे. एक पैसा न घेता.

तिथं करतात काय, म्हणून मी एकदा बरोबर गेलो होतो. काकांनी खनिजाच्या गोण्या खांद्यावर घेऊन कुरणातल्या पेट्यांत ओतल्या. चिमूटभर जिभेवर ठेवून चव बघितली. मग रॉयच्या ट्रकमधून पेंडीच्या गोळ्यांची लांबच लांब रांग जमिनीवर पाडत गेले. लांब कशाला? तर एकाच जागी ढीग घातला की दांडग्या गायी खातात आणि बुजऱ्या मागं उभ्या राहतात. कळपात एक धिप्पाड म्हातारी गाय आहे, सगळ्यांना शिंगाविना ढकलणारी. काका तिला आत्याबाई म्हणतात. आत्याबाई रांगेच्या या टोकाला अडकली की त्या टोकाला बुजऱ्यांची पंगत बसते. मग दोघं ट्रकच्या मागच्या फळीवर बसले आणि धपाटे खाल्ले. अर्धा तास गेला.

"वारा," रॉय म्हणाला.

"हो," काका म्हणाले.

परतताना काका समाधानानं मला म्हणाले, "आज खूप गप्पा झाल्या."

मी खरं सांगतो, मला हेवा वाटला. बावीस वर्षं मी या गावात आहे. माझा उजवीकडचा अमेरिकन शेजारी मला अजून 'बडी' म्हणतो, कारण माझं नाव विचारायची वेळ निघून गेली. आणि त्या टेकड्यांत पेट्रोल पंपावर काका उतरले की हॅटा वर होतात. "मॉर्निंग, सनी!" सोनटक्केचं सनी केलंय त्यांनी. माझं नाव जयंत, पण मला कोणी 'जे' सुद्धा केलं नाही.

पण माझा हेवा म्हणजे काकूंच्या हेव्यापुढं पाणचट चहा. तिथले लोक पेंडीच्या गोळ्यांना 'केक' म्हणतात. लग्नाच्या वाढदिवशी शनिवार आला आणि काका सकाळी फोनवर म्हणाले, "येस येस, आय विल ब्रिंग द केक." काकू दिवसभर नवीन साडी नेसून बसल्या. दुपारी दोनला नवरा आला तो पेंडीचा वास घेऊन. "मला सवत आहे," काकू मेधाला सांगायच्या, "ती पण एक नाही. शंभर-सव्वाशे. आणि सगळ्या काळ्या."

तर गेल्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी काका सकाळी दहालाच परत आले. गाडी गॅरेजमध्ये घातली आणि खाली उतरलेच नाहीत. काकूंनी मला हाक मारली. मी जाऊन काच ठोठावली.

"जयंता," काका समोर बघत म्हणाले, "रॉयनं टब आणलेत."

"कसले टब?"

"निळे!" जणू रंगामुळे गुन्हा आणखी वाढत होता.

हळूहळू कळलं ते असं. मळी, पेंड आणि खनिजं एकत्र शिजवून घट्ट गोळा करतात, तो टबात भरतात, आणि कंपनीचा ट्रक येऊन ते जड टब कुरणात ठेवून जातो. गायी येता-जाता चाटतात. काका नेहमीसारखे गोण्या घेऊन गेले, तर त्यांच्या खनिजाच्या पेट्या कोठाराच्या भिंतीला उलट्या टेकवून ठेवलेल्या. रॉय म्हणाला, "सनी, हा टायलर आता बघतो ते." आणि एका गोऱ्या, तरुण, मिशीवाल्या पोरानं काकांना आपलं कार्ड दिलं.

"कार्ड दिलं! मला!" काका म्हणाले.

"मग तुम्ही काय केलंत?"

"नाइस टु मीट यू म्हणालो. आणि आलो."

"आणि रॉय?"

"उभा होता. बूट बघत."

दोन दिवस काका गाडीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आमची बेल वाजली. दारात काका, गळ्यात दुर्बीण, डोक्याला माकडटोपी. "गाडी काढ. माझी नको, रॉय ओळखतो. मेधाची लाल व्हॅन काढ."

वाचकहो, मी त्या दिवशी ऑफिसात आजारी असल्याचं कळवलं, आणि इतका आनंदी आजार मला आजवर झालेला नाही. कुरणाच्या कडेनं कच्चा रस्ता जातो. तिथं एका झुडपाआड लाल व्हॅन उभी करून आम्ही दोघं गायींवर पाळत ठेवली. अख्ख्या कॅन्ससमध्ये माकडटोपी घातलेला तो एकमेव इसम, आणि तो वेशांतर करून आला होता.

"ठेवलाय बघ! तळ्याच्या काठाला ठेवलाय टब!" काका आनंदानं किंचाळले. "अरे गाढवा, पाण्यापाशी गायी येतातच. टब लांब ठेवायचा, म्हणजे तिकडचं गवतही खाल्लं जातं. शून्य! याला शून्य!"

मग टायलर आला. त्याच्या पांढऱ्या ट्रकमधून एक ड्रोन निघालं आणि गायींवरून घुं घुं करत फिरलं.

"वरून बघतोय!" काका म्हणाले. "शेपटीचं मूळ वरून दिसतं का? मुलगी बघायला गेला आणि गच्चीवरून बघून आला! आणि ती मिशी बघ. ठेवायची तर निभवावी माणसानं."

तेवढ्यात कळपातून वाट काढत आत्याबाई आली, टबाजवळच्या दोघींना ढकललं आणि लांबलचक जीभ काढून चाटू लागली. काकांचा हात खाली आला.

"फितूर," ते म्हणाले. "आत्याबाईसुद्धा फितूर झाली."

मग त्यांनी जड मनानं मार्क द्यायला सुरुवात केली. मला वाटलं, आता तीन आणि चार ऐकू येणार. पण हा माणूस मत्सरानं जळत असला तरी मार्कांत खोटं बोलू शकत नाही. "पाच," ते म्हणाले. "पाच. ती सहा. पाच... जयंता, सगळ्या पाच आहेत रे." आवाज असा, की जणू नापासांची यादी वाचताहेत.

"काका," मी म्हटलं, "टब येऊन फार तर आठवडा झालाय. आठवड्यात अंगावर मांस चढतं का? हे पाच तुमचे आहेत. तुमच्या उन्हाळ्याचे."

"मला शास्त्र शिकवू नकोस," काका म्हणाले. जन्मभर हेच शास्त्र लोकांना शिकवणारा माणूस दुर्बीण खाली ठेवून काचेबाहेर बघत बसला.

इकडे काकूंनी विजयोत्सव सुरू केला होता. शनिवार परत मिळाला! त्यांनी मेधाला सांगितलं, आता आम्ही दोघं देवळात जाणार, बाहेर जेवणार, माणसांसारखे राहणार. पहिल्या शनिवारी काकांनी स्वयंपाकघरातले डाळींचे डबे प्रथिनांच्या क्रमानं लावले. काकूंना तूरडाळ सापडली ती सोमवारी. दुसऱ्या शनिवारी काका टबाच्या लेबलाचा फोटो इंटरनेटवरून काढून, मोठा करून घेऊन बसले आणि दर पाच मिनिटांनी घरातून ओरडायचे, "यात युरिया आहे!" थोड्या वेळानं, "तांबं ऑक्साइडचं आहे गं निर्मला! ते अंगाला लागतच नाही!" काकू देवळात एकट्या गेल्या. काकांचा एकच प्रश्न होता: रॉयनं असं का केलं? आणि उत्तर त्या लेबलात कुठंतरी असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. लेबलातलं एकही प्रमाण त्यांच्या मिश्रणापेक्षा सरस निघेना, त्यामुळे त्यांचा जीव आणखीच कासावीस व्हायचा. चांगलं असतं तर निदान कारण तरी कळलं असतं.

तिसऱ्या शनिवारी काका पहाटे उठले, हॅट घातली, बूट घातले आणि खिडकीत बसून राहिले. काकूंनी सवयीनं ढीगभर धपाटे केले होते. ते तसेच राहिले.

त्या संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या. मेधानं चहा ठेवला. काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मेधा, सवत बरी होती गं. दुपारी दोनला का होईना, हसत घरी यायचे."

मेधानं कप त्यांच्यापुढं सरकवला.

"हसायचे, आणि मला राग यायचा. मी एवढी वर्षं घरात, आणि हसू त्या गायींकडून आणायचे. आता हसू पण नाही आणि गायी पण नाहीत. आता मी जळू तरी कोणावर?" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जयंत, पुढच्या शनिवारी तू गाडी काढ. मी त्या रॉयला भेटते."

"काका येतील?"

"त्यांना सांग, युरियावर बोलायचंय."

काका तयार होऊन अर्धा तास आधीच गाडीत बसले होते. माकडटोपी नव्हती. इस्त्रीचा शर्ट होता. वाटभर ते मला आपलं भाषण म्हणून दाखवत होते. युरिया, तांब्याचं ऑक्साइड, तळ्याकाठची जागा. मागच्या सीटवर काकू मांडीवर धपाट्यांचा डबा घट्ट धरून बसल्या होत्या, अगदी व्याह्यांकडे निघाल्यासारख्या.

रॉय फाटकातच होता. ट्रॅक्टरवरून उतरला. काकूंना बघून त्यानं हॅट काढली. या बाईंचे धपाटे तो इतकी वर्षं खात आला होता. बाई प्रथमच बघत होता.

काका उतरले आणि थेट सुरू झाले. त्यांचं इंग्रजी मी इथं देत नाही, ते फार शुद्ध आणि फार दुःखी होतं. वाळल्या गवतावर युरियाचं प्रथिन कसं निम्मं वाया जातं, ऑक्साइडचं तांबं कसं शेणातून निघून जातं, टब कुठं ठेवावा, कुठं ठेवू नये. रॉय दातात काडी धरून ऐकत होता, पहिल्या दिवशी जंतूंची कथा ऐकली असेल तसाच, मुकाट. काकांचा श्वास संपला तेव्हा तो म्हणाला, "बरोबर असेल, सनी."

"बरोबर असेल? मग?"

"मग काही नाही."

आणि रॉय पुन्हा आपल्या बुटांकडे बघायला लागला. काका माझ्याकडे बघायला लागले. मी गायींकडे. तेव्हा काकू पुढं झाल्या, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "रॉय. टेल मी. व्हाय?"

इतक्या लहान प्रश्नापुढं माणसाला लपायला जागा नसते. रॉयनं तोंडातली काडी काढली. तो जे म्हणाला ते मी मराठीत सांगतो.

"ऑगस्टमधला तो गरम शनिवार, मॅडम. दुसरी गोणी ओतली आणि सनी फळीवर बसला. तोंड राखेसारखं झालं होतं. घाम नुसता गळत होता. मी विचारलं, तर म्हणाला, डोळ्यात मीठ गेलं."

"ऑगस्ट?" काकू काकांकडे वळल्या. "अहो, कसला ऑगस्ट?"

काका आभाळात काहीतरी शोधायला लागले.

"त्या गोण्या पन्नास-पन्नास पौंडांच्या," रॉय म्हणाला. "टब कोणाला उचलावा लागत नाही. कंपनीचा ट्रक ठेवून जातो. बस्, एवढंच."

"मला सांगायचं होतंस!" काका इंग्रजीत म्हणाले.

"सांगितलं असतं तर तू एका वेळी दोन गोण्या उचलल्या असत्यास."

हे इतकं खरं होतं, की काकू नकळत "करेक्ट" म्हणाल्या. मग त्यांना रागवायचं आहे हे आठवलं, पण तेवढ्यात रॉय पुढं बोलत होता. बायको गेल्यापासून एवढं सलग बोलला नसेल तो.

"मला वाटलं, गोण्या गेल्या तरी तू येशील. शनिवारी मी फाटकाला साखळी लावली नाही. एकदाही नाही. तू उतरून उघडायला नको म्हणून. गायी दोनदा रस्त्यावर गेल्या. शेरीफचा फोन आला."

त्या टेकड्यांत फाटक उघडं टाकणाऱ्याला माणूस समजत नाहीत. पिढीजात गुरंवाल्यानं ते जाणूनबुजून उघडं ठेवायचं, आणि पुन्हा ठेवायचं! माझ्या मनात जे काय झालं त्याला मराठीत जळणं म्हणतात. बावीस वर्षांत माझ्यासाठी कोणी गॅरेजचं दारसुद्धा उघडं ठेवलेलं नाही.

काका फाटकाच्या खांबाला धरून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. युरिया संपला होता, ऑक्साइड संपलं होतं, अख्खं भाषण संपलं होतं. काकूंनी हात पुढं केला, पण त्यांनी तो बघितला नाही. ते रॉयकडे बघत होते. आणि मग, ज्याला मराठीतलं 'धपाटे' सोडून अक्षर कळत नाही अशा त्या उंच, टक्कल पडलेल्या, हॅट हातात धरून उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडावर, डॉक्टर प्रभाकर सोनटक्के परभणीच्या मराठीत ओरडले:

"मला वाटलं, तुला आता तो टायलरच लई आवडायला लागला!"